वाळवणाची राखण

मे महिन्याचा पहिला आठवडा उलटला, उत्तरपत्रिकांचे अखेरचे गठ्ठे तपासून परत गेले, आणि एका सकाळी आमच्या गच्चीवर अंथरलेल्या जुन्या सुती लुगड्यावर कुरडयांच्या ओल्या, पांढऱ्या चकत्यांच्या ओळी उमटल्या. राखणीला मुलीला बसविले. ती अकरा वर्षांची आहे. काठी, डोक्याला पंचा आणि पाण्याचा तांब्या एवढी सामग्री माझ्या आईने तिच्या हवाली केली. मोबाइलची भर तिने आपण होऊन घातली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन ती बसली, आणि काही कामासाठी वर आलेला मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकलो. पस्तीस वर्षांपूर्वी, गुलमंडीमागच्या एका गल्लीतील माळवदावर, मी नेमका तसाच बसत असे. माझ्या मांडीवर ‘चांदोबा’चा किंवा ‘किशोर’चा वाचून वाचून सुटा झालेला अंक असे, आणि कावळा लुगड्याच्या कडेशी येऊन बसला तरी गोष्टीचे पान पुरे झाल्याखेरीज काठी उचलली जात नसे. मुलीच्या बाबतीत पानाची जागा पडद्याने घेतली आहे; कावळ्याची सोय मात्र पूर्ववत आहे.

चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांना उन्हाळ्यात असा एखादा क्षण गाठतो. अढीतला आंबा नाकाशी धरून पाहणारे पोर दिसते, ओल्या वाळ्याचा वास येतो, दुपारच्या पत्त्यांच्या डावातला कांगावा कानी पडतो, आणि आपण एकाच वेळी दोन वयांत उभे आहोत असे वाटू लागते. इतर ऋतूंत हे फारसे घडत नाही. तेव्हा शाळा, शिकवण्या आणि कचेऱ्या घराला वाटून घेतात. सुटीत मात्र तीन पिढ्या दिवसभर एका छपराखाली असतात आणि उन्हाच्या धाकाने कोणाला बाहेर पडता येत नाही. मराठवाड्याचा उन्हाळा तसा मायाळू नव्हे. पारा चाळिशीवर गेला की भर दुपारी जालना रस्त्यासारखा गजबजलेला रस्तादेखील ओस पडल्यासारखा दिसतो. बालपणाचे सुख म्हणून आपण ज्याची आठवण काढतो, ते बरेचसे या सक्तीच्या बंदिवासातून निपजलेले आहे.

आमचे ते घर जुन्या पद्धतीचे होते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर, असे त्याचे छप्पर. बाहेर वैशाख पेटलेला असताना माजघरात गारवा असे. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडले की तापलेल्या मातीतून वाफ आणि वास एकदमच उठत, आणि रात्री त्याच मातीवर सतरंज्या पसरून सारी गल्ली आभाळाखाली झोपत असे. मग एकेक दिवस उगवे तो एकेका पदार्थाच्या नावाने: पापडांचा, शेवयांचा, खारोड्यांचा, आणि सर्वांत श्रेष्ठ असा कुरडयांचा. त्या दिवशी पहाटेच चीक शिजे. वाटीभर गरम चिकात कोणी दूध-साखर घाली, कोणी तेल आणि तिखट. राखणीचे वेतन वस्तुरूपात असे आणि ते आम्ही आपल्या हातानेच वसूल करीत असू. दुपारपर्यंत कुरडई वरून कडक आणि आतून ओलसर होते. त्या अवस्थेत ती जशी लागते, तशी पुढे तळल्यावरही लागत नाही. या ओळीतून एक, त्या ओळीतून एक, अशी विरळ चोरी करावी म्हणजे लुगड्यावर खिंडार दिसत नाही, हे शास्त्र मला दहाव्या वर्षी अवगत होते. आईच्या ध्यानात ते कधी आले नाही, अशी परवापरवापर्यंत माझी खात्री होती.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला सुखाविषयी बोलताना थोडा संकोच वाटतो. आमच्या शास्त्राने सुखाला उपयोगिता असे नाव देऊन त्याचा आलेख काढला आणि विषय मिटविला. तथापि स्टाफान लिंडर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाचे १९७० साली इंग्रजीत आलेले एक छोटेखानी पुस्तक या बाबतीत अपवाद आहे. संपन्न समाजातील फुरसतीची माणसेच सर्वांत अधिक घायकुतीला का आलेली असतात, हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर असे की, वस्तू वाढविता येतात, दिवसाचे तास वाढविता येत नाहीत; आणि प्रत्येक वस्तूचा उपभोग घ्यायला वेळ लागतो. माणसाची दर तासाची कमाई वाढली की संथपणे घ्यावयाचे सुख त्याला महाग वाटू लागते, आणि थोड्या वेळात अधिक वस्तू फस्त करण्याकडे त्याचा कल होतो. वर्गात हे सांगताना मी आंब्याचा दाखला देतो. रायवळ आंबा माचून, देठाशी चीक काढून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत चोखायचा असतो. त्याला अर्धी दुपार लागते. केसर आंब्याच्या फोडी काट्याने पाच मिनिटांत संपतात. आपल्या मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा मला अभिमानच आहे. पण शेप्या, साखऱ्या, गोटी, खोबऱ्या अशी झाडागणिक निराळी नावे धारण करणारे आंबे बाजारातून मागे हटले, त्याचे एक कारण आपल्या घड्याळात आहे.

मग हरवलेला वेळ आपण वस्तूंच्या रूपाने परत विकत घेऊ पाहतो. वेरूळ-खुलताबादच्या वाटेवर ‘गावरान’ हा शब्द पाट्यांवर किती वेळा येतो ते मोजावे. बैलगाडीतून एक फेरी, चुलीवरची भाकरी, झाडाला टांगलेला झोका, आणि दोन तासांत पोराला बापाचे बालपण दाखवून झाले. छायाचित्रेही निघतात. मी स्वतः हे केलेले आहे, म्हणून हसण्याचा अधिकार मला थोडा कमीच आहे.

लिंडरचा हा विचार मला अनेक वर्षे पुरेसा वाटत आला. आपली फुरसत आटली, म्हणून उन्हाळे हरवले. तेव्हा मुलांसाठी फुरसत काढावी, एवढे त्याचे तात्पर्य मी घेत असे. त्यात काय राहून गेले, ते गेल्या दोन-तीन वर्षांत उमगू लागले. आईचे गुडघे धरले, वाळवणाची जबाबदारी घरात फिरत फिरत माझ्याकडे आली, आणि आठवणीतले ते माळवद मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. त्या चित्रात मी बसलेला आहे, वडील आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत आहेत, आते-मामे भावंडे पत्ते कुटीत आहेत. आई कोठे आहे? तिचे हात दिसतात, बांगड्या मागे सारलेले, पिठाने माखलेले. ती बसलेली मात्र कोठे दिसत नाही.

कुरडई ही काय वस्तू आहे, ते ती खाणाऱ्याला कळत नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज त्याचे पाणी बदलायचे, त्या आंबूस वासात वावरायचे. चौथ्या दिवशी तो वाटायचा, फडक्यातून पिळून त्याचे सत्त्व काढायचे आणि चोथा वेगळा करायचा. रात्रभर सत्त्व खाली बसू द्यायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून वरचे पाणी निथळायचे, आधणात ते सत्त्व एका हाताने सोडीत दुसऱ्या हाताने ढवळीत राहायचे, कारण क्षणभर हात थांबला की गुठळी होते. मग चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून ऊन चढण्याच्या आत घालून मोकळे व्हायचे. यंदा सोऱ्या मी फिरविला. विसाव्या कुरडईला मनगट बोलू लागले. आई अशा पाच-पाच किलो गव्हाच्या कुरडया घाली, आणि त्यानंतर रोजचा स्वयंपाक होताच. शिवाय सुटीला आलेली सात-आठ मुले दुपारी जेवायला बसत.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात यातले काहीच येत नाही. दुकानातून आणलेली कुरडई येते, घरी घातलेली येत नाही; हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. देशपातळीवर वेळेच्या वापराची पाहणी २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली झाली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे, असे २०२४ ची पाहणी सांगते. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तेवढ्याच काळात पुरुषांनीही आपल्या अल्प वाट्यातून नऊ मिनिटे वाचविली, हे चातुर्य वाखाणण्याजोगे. १९९० साली अशी पाहणी आमच्या माळवदावर कोणी केली असती, तर माझ्या वडिलांच्या रकान्यात काय लिहावे लागले असते, ते सांगत नाही. ते सज्जन गृहस्थ होते आणि त्या काळच्या रीतीने वागत होते. माझ्या फुरसतीचा पुरवठा मात्र कोठून होत होता, ते त्या दुसऱ्या रकान्यावरून कळले असते.

गव्हाला लागते ते पाणी हा आमच्या शहरात स्वतंत्र अध्याय आहे. नळ रोज येत नाही, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, गहू कधी भिजवायचा ते पंचांग न पाहता नळाचा वार पाहून ठरते. हे पाणी येते पैठणजवळच्या नाथसागरातून, पन्नासेक किलोमीटरांची चढण चढून. आणि त्याच पाण्याखाली माझ्या आईचे माहेर आहे.

जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दरम्यान शंभरावर गावे उठली. त्यांतले एक आईचे. गोदावरीच्या वाळवंटातील टरबूज-खरबुजांच्या वाड्या, घाटाच्या पायऱ्या आणि गावाबाहेरची आमराई हे तिच्या उन्हाळ्याचे विश्व होते. त्याविषयी ती बोलते. त्याच्या शेवटाविषयी फारसे बोलत नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात ती सोळा-सतरा वर्षांची होती. घरात गहू नव्हता. मिलो या नावाने परदेशातून आलेली तांबडी ज्वारी खायची, दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या वाहायच्या आणि मिळाली तर सुकडी बांधून घरी आणायची, असा तो उन्हाळा गेला. त्या वर्षी गावात कोणाच्याच दारी वाळवण पडले नाही. पुढे दोन-तीन वर्षांत नोटिसा आल्या, झाडे तोडून लाकूड विकले गेले, आणि बैलगाड्या नव्या गावठाणाकडे निघाल्या.

मी ज्याला आजोळ म्हणून ओळखले ते हे नवे गावठाण. काटकोनात आखलेले रस्ते, सारख्या मापाचे भूखंड आणि अजून पुरती सावली न धरलेले लिंब. आमराई नव्हती. पण आजोबा पैठणच्या बाजारातून शेकड्याने आंबे आणीत, आतल्या खोलीत गवतात अढी घालीत आणि आम्हां नातवंडांना एकेक आंबा हुंगून पाड निवडायला लावीत. ते आंबे विकतचे आहेत, असे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आज हिशेब मांडताना दिसते की, ज्या उन्हाळ्याला मी जन्मभर अस्सल समजत आलो, तो एका म्हाताऱ्याने मावेजाच्या उरल्यासुरल्या पैशांतून आमच्यासाठी मुद्दाम उभा केलेला होता. बैलगाडीच्या फेरीचे पैसे मोजणाऱ्या माझ्यासारख्याला मी वर जो टोमणा मारला, तो या जागी मला थोडा मागे घ्यावा लागतो.

२०१९ च्या मे महिन्यात धरणातील उपयुक्त साठा संपला, मृत साठ्यातून पाणी उपसले जाऊ लागले, आणि बुडालेल्या गावांचे अवशेष उघडे पडल्याच्या बातम्या आल्या. आईने बातमी वाचून वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाली, “जाऊन येऊ.” आम्ही तिघे गेलो. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. एरवी जेथे पाणी असते तेथे भेगाळलेला गाळ मैलभर पसरला होता, काही ठिकाणी गाळपेरीची हिरवी पट्टी होती, आणि पुढे दगडांच्या ओळी दिसत होत्या. मला त्या दगडांत काही उमजत नव्हते. आईने मारुतीच्या देवळाचे जोते ओळखले, तेथून उगवतीला चार घरे मोजली आणि एका चौकोनापाशी थांबली. चूल कोठे, जाते कोठे, ओटा कोठे, हे ती हाताने दाखवीत गेली. अढी कोणत्या कोपऱ्यात असे, तेही दाखविले. मुलीच्या मनावर हे कोरले जावे म्हणून मी मध्येमध्ये समजावून सांगत होतो. सवयीप्रमाणे धरणाचे सालही सांगितले असेल. त्याच पावसाळ्यात नाशिककडच्या पुराने धरण भरले आणि तो चौकोन पुन्हा पाण्याखाली गेला.

यंदा मुलीला विचारले, तुला त्या दिवसाचे काय आठवते? देऊळ आठवत नव्हते, घर आठवत नव्हते, माझे व्याख्यान तर नाहीच. तिने तेथून एक शिंपला आणला होता, तो कंपासपेटीत अजून आहे. आणि दुसरे तिला आठवते ते असे: “आजीने चपला हातात घेतल्या होत्या, बाबा. ऊन किती होते!” मी शेजारून चालत होतो आणि मला हे दिसले नव्हते.

तेव्हापासून मुलीसाठी उन्हाळा सजवून मांडण्याची माझी हौस पुष्कळ ओसरली आहे. तिला पुढे काय आठवावे, याची यादी माझ्या हाती नाही. काम मात्र हाती घेता येते. सहकाऱ्यांत यावरून थट्टा होते. एक प्राध्यापकमित्र म्हणतात, बचत गटाच्या बायका उत्तम कुरडया करतात, चार पैसे टाकावे आणि सुखाने झोपावे. त्यांचे म्हणणे मला पटते. पिढ्यान्‌पिढ्या फुकट झालेल्या या श्रमाला गटाच्या विक्रीत प्रथमच भाव मिळतो आहे. तेथे घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला चीड येते. पापड, शेवया, खारोड्या आम्ही तेथूनच घेतो. कुरडया तेवढ्या घरी घालतो, आणि त्याही एक डबाभरच. कारण अगदी साधे आहे. आई खुर्चीत बसून सांगते आणि मी करतो. इतकी वर्षे उभ्या असलेल्या बाईला बसलेले पाहण्याचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. पत्नीची नोकरी बँकेत आहे. तिला मे महिना सुटीचा नाही. पहाटे उठून तिने एकदाच डोकावून पाहिले, चिकात गुठळी झाल्याचे सांगितले आणि ती पुन्हा झोपली.

गहू भिजत घातला त्या दिवशीची गोष्ट राहिली. मापून घेतलेला गहू मी पातेल्यात ओतला, तेव्हा आई म्हणाली, “दोन ओंजळी वरून टाक.” जुन्या बायकांची मापे अशीच असतात, असे समजून मी टाकल्या. कुरडया घातल्या त्या दिवशी, जिन्याच्या पायरीवरून मुलीकडे पाहत असताना, लुगड्यावरच्या ओळी मधूनमधून विरळ झालेल्या दिसल्या. या ओळीतून एक, त्या ओळीतून एक. तिचा एक गाल फुगलेला होता आणि नजर मोबाइलवर खिळलेली होती. मी खाली आलो. आई परातीत तांदूळ निवडीत बसली होती. तिला म्हणालो, “तुझ्या राखणदाराने दोन ओळी फस्त केल्या बघ.”

तिने मान वर केली नाही. “म्हणून तर दोन ओंजळी वरून टाकायला लावल्या तुला,” ती म्हणाली. “तुझ्या वेळी तीन टाकत होते मी.”